खिडकीची काच: थोडं पाणी, थोडं व्हिनेगर आणि बरीचशी काळजी

(रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या ‘सी’ विंगमधील रहिवासी असून कनिष्ठ महाविद्यालयातील निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका आहेत. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



रौप्यमहोत्सवाच्या भाषणांत विषय कसे असतात, तर ‘आनंदी वार्धक्य’, ‘गुंतवणूक’, ‘गच्चीवरची बाग’. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी खिडक्या पुसण्यावर बोलणार. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, चालेल, पण पाऊण तास पुरेल ना विषय?” बघू या. दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे, त्यामुळे ऐकणाऱ्यांना निदान उपयोग तरी होईल.

काच हा आपल्या घरांतला तसा नवा पाहुणा आहे. वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा आणि गज असायचे. काच घरात असायची ती आरशाला, फोटोच्या फ्रेमला आणि कंदिलाला. आपल्या महाराष्ट्रात तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो १९०८ साली, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचे ‘प्रभाकर’ कंदील तर इथल्या अनेकांच्या आजोळी टांगलेले असतील. त्या कंदिलाची काच रोज संध्याकाळी पुसायची. कशाने? चुलीतली चाळलेली राख, मऊ फडकं आणि शेवटी कागद. काजळी निघायची आणि काच लख्ख व्हायची. स्प्रेची बाटली नव्हती, निळं पाणी नव्हतं. तेव्हा आज मी जे सांगणार आहे त्यात नवीन शोध काही नाही. फक्त का आणि कधी, एवढं थोडं रसायनशास्त्र मी त्यात घालणार आहे. ती खोड आता जायची नाही.

आधी एक प्रश्न विचारते. काचेवर नेमकं काय साचलंय? हा प्रश्न न विचारताच आपण बाटली उचलतो, आणि तिथेच सगळा घोळ होतो. हॉलच्या खिडकीवर असते धूळ. स्वयंपाकघराच्या खिडकीवर असतो फोडणीचा तेलकट थर आणि त्यावर चिकटलेली धूळ. बाथरूमच्या झडपांवर आणि जिथे कुंड्यांचं पाणी उडतं तिथे असतात पांढरे ठिपके, म्हणजे क्षार. पावसाळ्यानंतर रबराच्या पट्टीत काळी बुरशी. गजांखाली गंजाचे ओघळ. आणि आपल्याकडे अगदी खास म्हणजे कबुतरांची विष्ठा. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. तेलाला व्हिनेगर फारसं ऐकवत नाही आणि क्षारांना साबण अजिबात ऐकवत नाही.

धुळीपासून सुरुवात करते, कारण नव्वद टक्के वेळा तेवढंच असतं. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, कुठल्या सर्वेक्षणाचा नाही. धुळीला लागतं फक्त पाणी. पण कोरडं फडकं घेऊन खसाखसा पुसायचं नाही. समोरच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं काम चालू आहे, तिथली धूळ म्हणजे सिमेंट आणि वाळू. वाळू काचेपेक्षा कठीण असते. कोरडं घासलं की बारीक ओरखडे पडतात आणि ते कशानेही जात नाहीत. आधी मऊ ब्रशने काचेवरची आणि चौकटीतली धूळ झाडायची, मग ओलं फडकं, मग रबराचा छोटा वायपर वरून खाली, आणि प्रत्येक फेरीनंतर वायपरची रबराची कड पुसायची. शेवटी कडेला राहिलेलं पाणी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपायचं. साडी जितकी जुनी तितकी चांगली. नवं सुती कापड पाणी शोषत नाही, त्याला खळ असते, आणि टॉवेलचे धागे काचेला चिकटतात. मायक्रोफायबरचं फडकं असेल तर उत्तमच, फक्त ते फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये घालू नका, त्याची पकड जाते.

वर्तमानपत्राबद्दल सगळेच विचारतात. कागद काच चांगली पुसतो हे खरं. पण शाई हाताला लागते, आणि तीच बोटं पांढऱ्या चौकटीला लागली की काच स्वच्छ आणि चौकट काळी. माझं मत विचाराल तर रद्दी रद्दीवाल्याला द्यावी.

आता ते मिश्रण. एक लिटर पाण्यात अर्धी वाटी, म्हणजे साधारण शंभर मिली, पांढरं व्हिनेगर. घरात चायनीज करायला आणलेलं असतं ना, तेच. त्यात ॲसेटिक ॲसिड साधारण चार ते पाच टक्के असतं, आपण ते पाण्यात घातल्यावर अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. एवढं पुरतं. त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. चमचा नव्हे, थेंब. साबण जास्त झाला की काचेवर ढगासारखे पट्टे दिसतात, मग ते काढायला पुन्हा पाणी, आणि आपण म्हणतो घरगुती उपाय काही खरे नाहीत. सफरचंदाचं तपकिरी व्हिनेगर यासाठी वापरू नका. महाग असतं आणि रंगही असतो. वास आवडत नसेल त्यांनी लिंबूसत्त्व घ्यावं, आपण ढोकळ्यात घालतो ते. एक लिटर पाण्याला एक सपाट चमचा. काम तेच. ताजं लिंबू मात्र काचेसाठी मला पटत नाही. त्यात साखर असते, गर असतो, काच चिकट होते आणि मुंग्या येतात. लिंबाची सालं नळावरच्या पांढऱ्या थरासाठी ठेवा, तिथे ती झकास काम करतात.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगते, कारण मोबाईलवर रोज कुणी ना कुणी ती पाठवतं. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करायचा, फसफस आली की ‘पॉवरफुल क्लीनर’ तयार! मंडळी, फसफस म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवल्याची खूण आहे. आम्ल आणि अल्कली भेटले, कार्बन डायऑक्साइड उडून गेला, मागे राहिलं सोडियम ॲसिटेट घातलेलं पाणी. अर्ध्या वाटी व्हिनेगरला साधारण दीड चमचा सोडा पुरे होतो, त्यानंतर ना व्हिनेगर उरतं ना सोडा. तुंबलेल्या मोरीत ती फसफस थोडीफार घाण हलवत असेल. काचेवर तिचा काही उपयोग नाही. सोडा वेगळा वापरा, व्हिनेगर वेगळं वापरा. दोघंही गुणी आहेत, एकाच वेळी बोलावू नका एवढंच.

सोडा वापरायचा तो स्वयंपाकघरात. तेलकट थरासाठी कोमट पाण्याच्या तांब्यात एक चमचा खाण्याचा सोडा, फडकं बुडवून पिळायचं, काचेवर दोन मिनिटं दाबून धरायचं आणि पुसायचं. मग साध्या पाण्याने दोनदा, नाहीतर पांढरी पूड दिसते. कोमट म्हणजे कोमटच. थंडीच्या सकाळी गार काचेवर उकळतं पाणी ओतलं तर काच तडकते. आणि धुण्याचा सोडा नको. तो खाण्याच्या सोड्याहून बराच तीव्र असतो, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर डाग पाडतो आणि बोटांना भेगा पाडतो.

तेलकट काचेवर माझा सगळ्यात आवडता उपाय रिठा. दहा-बारा रिठे फोडून, बिया काढून, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळायचे, कुस्करून गाळायचे. रिठ्यात सॅपोनिन असतं, म्हणजे झाडाने बनवलेला साबणच. आपल्या आज्या रेशमी साड्या आणि सोन्याचे दागिने यानेच धुवायच्या. त्यातले चार-पाच चमचे अर्ध्या बादली पाण्यात. पाणी किंचित तपकिरी असतं, त्यामुळे नंतर स्वच्छ पाण्याचा हात फिरवायचा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर दोन दिवसांत वास मारतं. आणि उकळताना खिडकी उघडी ठेवा, डोळ्यात उडू देऊ नका, फार झोंबतं.

रिठ्यावरून आठवलं, ‘नैसर्गिक’ या शब्दावर माझा थोडा राग आहे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं आपण धरून चालतो. चुना नैसर्गिकच आहे, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे घरी केलेलं मिश्रण असलं तरी बाटलीवर चिठ्ठी लावा, तारीख घाला, आणि कृपा करून कोल्ड्रिंकच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. आपल्या सोसायटीत लहान नातवंडं आहेत, आणि दुपारी चष्मा न लावता पाणी पिणारे आजोबाही आहेत.

आता बायोएन्झाइम. आपल्याकडे निदान पंधरा घरांत बरण्या भरलेल्या आहेत, त्यामुळे जपून बोलते. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंबीची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने. ओला कचरा कमी होतो, फरशीला छान, मोरीला छान, वास सुंदर. सुरुवातीचा महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यायचा, आणि काचेची बरणी वापरायची नाही, फुटू शकते. पण खिडकीच्या काचेसाठी? चालतं, फार नाही. त्यात रंग आणि गुळाचा अंश असतो. वापरायचंच तर वस्त्रगाळ करून, भरपूर पाणी घालून, आणि नंतर काच धुऊन घ्यायची. एवढं सगळं करण्यापेक्षा अर्धी वाटी व्हिनेगर सोपं. मिश्रणात सुवासिक तेलाचे थेंब घाला असंही कुणीतरी सांगतं. म्हणजे काचेवर आधी तेल लावायचं आणि मग ते पुसत बसायचं!

पाण्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या सोसायटीचा खरा प्रश्न तिथे आहे. महापालिकेचं धरणाचं पाणी तसं मऊ. पण मार्च उजाडला की टँकर सुरू होतो, आणि टँकरचं पाणी बहुतेकदा बोअरचं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. हे पाणी काचेवर वाळलं की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणजे आपण ज्या पाण्याने काच ‘धुतो’ तेच पाणी ठिपके टाकतं. म्हणून काच धुऊन तशीच वाळू द्यायची नाही, वायपर मारून पाणी काढूनच टाकायचं. निम्मं यश तिथे आहे.

आणखी एक. पाणी वाचवायचं म्हणून आपण आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत भरतो. चांगली सवय आहे. ते फरशीला वापरा, संडासात ओता. काचेला नको. कारण आरओ मशीन पाण्यातले क्षार बाजूला काढून त्याच पाण्यात सोडतं, त्यामुळे ते नळाच्या पाण्याहून जास्त क्षारयुक्त असतं. याच्या अगदी उलट एसीचं पाणी. एसीच्या नळीतून टपकतं ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळी दमट हवेत ते भरपूर निघतं. स्वच्छ डब्यात धरा आणि काचेला शेवटचा हात त्याचा फिरवा. ठिपका राहणार नाही. प्यायचं नाही, कुणाच्या डोक्यात आलं असेल तर. गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणीही याला उत्तम, पहिल्या दोन-तीन सरी सोडून.

जुने पांढरे ठिपके असतील तर पाणी न घालता नुसतं व्हिनेगर. कापसाचा बोळा किंवा टिश्यू पेपर त्यात भिजवून ठिपक्यांवर चिकटवायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मग हलक्या हाताने चोळून धुवायचं. एकदा नाही तर दोनदा. व्हिनेगर त्या कॅल्शियमच्या क्षाराला विरघळवतं. पण इथे थांबा आणि खिडकीच्या खाली बघा. आपल्या बहुतेक खिडक्यांचे कट्टे कडप्प्याचे किंवा मार्बलचे आहेत. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, मार्बलही तेच, शहाबाद आणि कोटाही तेच कुळ. म्हणजे ठिपक्यात जो पदार्थ आहे तोच तुमच्या कट्ट्यात आहे! व्हिनेगरला ठिपका आणि कट्टा यातला फरक कळत नाही. ओघळ खाली आला की पॉलिश जातं आणि फिका डाग पडतो, तो पुसून निघत नाही. म्हणून आधी कट्ट्यावर जाड टॉवेल अंथरा, सांडलं तर लगेच पाणी टाका. ग्रॅनाइट असेल तर काळजी नाही. कोणता दगड आहे ते माहीत नसेल तर कडप्पाच आहे असं धरून चाला.

सिमेंटच्या वाळलेल्या थेंबांनाही हाच उपाय, फक्त धीर लागतो. ब्लेडने खरवडू नका. गंजाच्या ओघळाला एका कपात एक चमचा लिंबूसत्त्व. बुरशीला ओल्या फडक्यावर सोडा आणि जुना टूथब्रश, आणि मुख्य म्हणजे ट्रॅकमधली पाणी जायची छोटी भोकं मोकळी करणं. बहुतेक घरांत ती भोकं मातीने बुजलेली असतात आणि मग पावसाचं पाणी आत येतं म्हणून आपण खिडकीवाल्याला फोन करतो.

काच कधी पुसायची? ऊन नसताना. तापलेल्या काचेवर मिश्रण पुसायच्या आधीच वाळतं आणि पट्टे उमटतात. पूर्वेच्या खिडक्या संध्याकाळी, पश्चिमेच्या सकाळी. आणि एक गंमत, आतून आडवं पुसा, बाहेरून उभं. पट्टा राहिलाच तर तो कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं, नाहीतर नवरा-बायकोत वाद होतो.

कबुतरांची विष्ठा मात्र गमतीची गोष्ट नाही. ती वाळली की तिची पूड हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. सतत त्या धुळीत राहणाऱ्या काही जणांना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो, दमेकऱ्यांना तर त्रास नक्कीच. म्हणून कोरडी झाडायची नाही, खरवडायची नाही. मास्क लावायचा, हातमोजे घालायचे, आधी साबणाचं पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं भिजू द्यायची, मग ओल्या कागदाने उचलून पिशवीत बांधायची. आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे आहेत का ते बघायचं.

आता मला ज्यासाठी मुद्दाम हा विषय घ्यायचा होता तिकडे येते.

आपल्यापैकी किती जण स्वतः खिडक्या पुसतात? हात वर करा. ... बरं. बाकीच्या घरी मावशी पुसतात. आपण महिन्यातून एकदा दहा मिनिटं स्प्रे मारू, त्या रोज पाच घरांत मारतात. २०१८ साली नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे सहा हजार लोकांच्या फुप्फुसांची क्षमता त्यांनी वीस वर्षांच्या काळात मोजली होती. ज्या बायका साफसफाईचं काम करत होत्या, मग ते नोकरी म्हणून असो किंवा स्वतःच्या घरात, त्यांची क्षमता साफसफाई न करणाऱ्या बायकांपेक्षा जास्त वेगाने घटलेली आढळली. संशोधकांचं म्हणणं असं की बऱ्याचशा कामांना ही रसायनं लागतच नाहीत, चांगलं फडकं आणि पाणी पुरतं. आपल्या आज्यांनी हेच सांगितलं असतं, फक्त त्यांचं कुणी छापलं नसतं.

स्प्रे वापरायचाच असेल, अगदी व्हिनेगरचासुद्धा, तर तो काचेवर न मारता फडक्यावर मारावा. हवेत तुषार उडत नाहीत. आरशालाही हीच पद्धत, नाहीतर पाणी कडेने मागे जातं आणि आरशाच्या कडा काळ्या पडतात.

आणि काही गोष्टी एकत्र करायच्या नाहीत म्हणजे नाहीत. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड. दोन्हीतून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं निळं द्रव, यातूनही विषारी वायू निघतात. बंद बाथरूममध्ये हे झालं तर माणूस गुदमरतो. कपाटात या बाटल्या शेजारीशेजारी असतात आणि वरचं लेबल कुणीच वाचत नाही. मावशींना वाचता येत नसेल तर आपण सांगायचं. समजावून सांगायचं, ओरडून नाही. चुकून झालंच तर ते निस्तरत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, दार-खिडकी जाता जाता उघडता आली तर उघडायची, आणि खोकला थांबत नसेल तर डॉक्टर.

आणि बाहेरची काच. दिवाळीच्या आधी दुपारी खाली बागेत उभं राहून वर बघा. चौथ्या मजल्यावर, पाचव्या मजल्यावर एक बाई छज्ज्यावर उभी, एका हाताने गज धरलेला, दुसऱ्या हातात फडकं. आत घरातलं कुणीतरी बादली धरून उभं. छज्जा हा ऊन-पाऊस अडवायला असतो, माणसाने उभं राहायला नव्हे. पंचवीस वर्षांचं सिमेंट आहे ते, आणि स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आपले काही छज्जे दुरुस्तीला आहेत हे आपण सगळ्यांनी सभेत ऐकलं आहे. त्यावर साबणाचं पाणी सांडलेलं. हे मी पाहते तेव्हा त्या काचेची चमक मला दिसत नाही.

माझा नियम सोपा आहे. हात बाहेर जाऊ दे, खांदा आत राहिला पाहिजे. स्टुलावर चढून वाकायचं नाही, कट्ट्यावर उभं राहायचं नाही. स्लायडिंग खिडकीची दोन्ही दारं एका बाजूला सरकवली की उघड्या बाजूने हात घालून लांब दांड्याच्या वायपरने बाहेरची बरीचशी काच पुसता येते. मग दुसऱ्या बाजूला सरकवायची. जिथे पोचत नाही तिथे पोचायचं नाही. तेवढा कोपरा पावसावर सोडा. खिडकीचं दार ट्रॅकमधून उचलून आत घेता येतं हे काही जणांना माहीत आहे, पण ते जड असतं आणि निसटलं तर खालच्या माणसावर पडतं. खिडकीवाल्याशिवाय करू नका.

आणि वर्षातून एकदा सगळ्या इमारतीच्या बाहेरच्या काचा, दोर आणि सेफ्टी बेल्ट असलेल्या प्रशिक्षित माणसांकडून सोसायटीने पुसून घ्याव्यात, अशी माझी कमिटीला लेखी सूचना आहे. सभेत खर्चाचा प्रश्न येईल हे माहीत आहे. सोसायटीच्या ऑफिसात दोन लांब दांड्यांचे वायपर ठेवायला मात्र सभेची गरज नाही. ते मी आजच आणलेत. सही करून न्यायचे आणि रबर पुसून परत करायचे.

एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न विचारा.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातले काही इथे देत आहोत.)

मावशी स्वतःच चढतात, आम्ही नको म्हटलं तरी. काय करायचं?

नको म्हणायचं आणि मग काच मळकी राहिली की नाराज व्हायचं, असं असेल तर त्या चढणारच. त्यांना काम जाईल ही भीती असते. तेव्हा आधीच सांगायचं की, “मावशी, बाहेरची काच तुमच्या कामात नाही.” आणि खिडकीजवळचा स्टूल उचलून ठेवायचा.

स्पिरिट घालून काच लवकर वाळते म्हणतात. घालावं का?

वाळते, खरं आहे. पण स्पिरिट पेट घेतं. स्वयंपाकघराची खिडकी गॅसच्या बाजूलाच असते. मी घालत नाही. घाई असेल तर पंखा लावा.

काचेला बाहेरून उन्हाची फिल्म लावली आहे. तिला व्हिनेगर चालेल?

फिल्मवर कडक काही नको, अमोनिया तर नकोच. साधं पाणी आणि साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं. घासणी किंवा तारेचा चोथा लावू नका. शंका असेल तर फिल्म बसवणाऱ्याला विचारा.

आमच्या बाथरूमच्या झडपा दुधाळ झाल्या आहेत. व्हिनेगर तीन वेळा लावलं, फरक नाही.

बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर अजून क्षार आहेत, पुन्हा एकदा प्रयत्न करा, या वेळी टिश्यू अर्धा तास ठेवा. पण गुळगुळीत असूनही दुधाळ दिसत असेल तर ते वरचं काही नाही. वर्षानुवर्षं खारं पाणी काचेवर साचून राहिलं की काचेचा पृष्ठभागच झिजतो. ती काच आता बदलायचीच. झडपेची काच लहान असते, माप घेऊन गेलात तर काचवाला उभ्या उभ्या कापून देतो. नवी बसवली की अंघोळ झाल्यावर रोज एकदा वायपर मारा.